डॉक्टरसाहेबांच्या घशातला काटा

तुम्ही कधी विद्वान माणसाची बोबडी वळलेली पाहिलीय? मी पाहिलीय, आमच्या मालवणात, साठ सालाच्या आसपास.

आमच्या शाळेतल्या सामंत मास्तरांनी सगळ्या सुट्ट्या घालवून मालवणी बोलीवर लेख लिहिला आणि मुंबईच्या एका संशोधन त्रैमासिकाकडे पाठवला. तो परत आला. संपादक डॉक्टरसाहेबांनी वर शेरा मारला होता, 'अडाण्यांच्या अशुद्ध बोलण्यावर संशोधन होत नसते.' मास्तर इतके खचले, की त्यांचं हसणंच गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात हेच डॉक्टर आमच्या शाळेत व्याख्यानाला आले. एकेक शब्द अत्तर लावून बाहेर पडत होता. मग हेडमास्तरांकडे जेवण; पंगतीला सामंत मास्तरही होते आणि आम्ही पोरं वाढायला. ताटात पेडव्यांचं तिखलं, म्हणजे बारीक काटेरी मासळीचं झणझणीत कालवण. जेवतानाही त्यांचं शुद्ध भाषेवर बोलणं चालूच होतं. अचानक त्यांनी डोळे पांढरे केले आणि ओरडले,

"अगे आवशी, मेलंय! घशात काटो अडाकलो!"

पंगत गार! असा हेल कुणी शिकून येत नाही. गृहस्थ आमच्याच मुलखातला निघाला.

सगळे पाण्यासाठी धावले. मास्तर मात्र शांतपणे उठले, त्यांनी भाताचा गोळा डॉक्टरांच्या तोंडात कोंबला आणि पाठीत सणसणीत धपाटा घालून म्हणाले, "चावू नको मेल्या, तसोच गीळ!"

डॉक्टरांनी निमूट गिळला. काटा उतरला.

लेख त्यांनी पुढेही छापला नाही. पण घरी जाताना मास्तर किती दिवसांनी हसले. म्हणाले, "नाय छापल्यान तर नाय. असो धपाटो माका आणखी खंय घालूक गावलो असतो?"