हिरव्या दांड्यांची पक्कड मेतोदीची नव्हे

सेव्लिएवो पोलीस ठाणे, बल्गेरिया, दि. ९ सप्टेंबर २०१९, सोमवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे.

सगळ्यात आधी आला मेतोदी, मग दीड तासानं पोलिसांची गाडी, आणि गाडीत मागं बसलेला इल्को. आधी नावगाव सांगायचं असतं असं साहेब म्हणतात, तर ते घ्या. मी वेलिका स्तोयानोवा रायचेवा, वय ७४, शिक्षण चौथी, धंदा पेन्शनर असं लिहा, बसून मात्र कधी राहत नाही, राहणार वरचा महल्ला, घर नंबर चौदा. ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी न पढवता सांगते ते असं.

माझ्या अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाची तार तुटली आहे. घड पार बाकावर टेकलेत. जिन्याखाली माझा कामाचा कोपरा आहे, एक बाक आणि लोखंड आवळून धरायचा एक शेगडा. नवरा होता तेव्हा त्याचा होता, आता माझा. तिथली पक्कड सुनेनं सोफियाला नेली. ती आता येत नाही.

शनिवारी मी दुकानात नवी बघितली. लाल रबरी मुठी, दिसायला झकास. उघडमीट केली तर जबडे डावीउजवीकडे डुलत होते. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, नवीकोरी आहे." मी म्हटलं, "नवीकोरी असून हिला आत्ताच संधिवात झालाय." परत ठेवली.

रविवारी सकाळी साडेसातला जुन्या बाजारात गेले. इल्को तिथं ताडपत्री पसरून जुनी हत्यारं विकतो, अकरा वर्षं झाली. आमच्याच महल्ल्यातला आहे. माझ्याच हातची भवानी होती. त्याच्यापुढं नऊ पकडी होत्या, नऊही बघितल्या. दोन निळ्याकाळ्या पडलेल्या होत्या, त्या आगीतून निघालेल्या, लोखंड मऊ झालेलं असतं, त्या घ्यायच्या नाहीत. बाकीच्या एकेक मिटून उजेडाकडं धरल्या. जबड्यांच्या टोकातून उजेड दिसला की ती बारीक तार धरत नाही. मग खीळ बघायची, सैल नको आणि आवळलेलीही नको. मग पकडीच्याच कटरनं कागद कापून बघायचा, टोकापासून मुळापर्यंत. वरचा गंज रॉकेलनं जातो, झिजलेले दाते काही परत येत नाहीत. इल्को म्हणाला, "वेलिका, पक्कड घेतेस का सून?" मी म्हटलं, "सून एवढी बघून घेतली नव्हती, म्हणून तर इथं आले." हिरव्या दांड्यांची एक सगळ्यात पास झाली. चार लेव्हा दिले. त्यानं नोट दाढीवरून फिरवली, भवानीची फिरवतातच, आणि मी घरी आले.

आज सकाळी आठला शेजारचा मेतोदी व्हिनेगर मागायला आला. बाकावर पक्कड बघितली आणि म्हणाला, "ही माझी. शुक्रवारपासून सापडत नाहीये. कुणाकडून घेतलीस?" मी नाव सांगितलं. ते सांगायला नको होतं. कॉफी तशीच टाकून तो निघून गेला. साडेनऊला गाडी आली, मला आणि पकडीला ठाण्यात न्यायला.

इल्कोनं माझ्याकडं बघितलं नाही. चोरीचा माल विकला असं एकदा कागदावर चढलं की बाजारातली जागा जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. रविवार सोडला तर तो घराबाहेर पडत नाही.

ठाण्यात साहेबांनी मेतोदीला विचारलं, ओळख काय? तो म्हणाला, हिरवे दांडे, मी स्वतः रंगवलेत. आता हे ऐका. आमच्याकडचा कारखाना बंद पडला तेव्हा हिरव्या रंगाचे डबे महल्ल्यात घरोघर आले. फाटकं हिरवी, बाकं हिरवी, मधमाश्यांच्या पेट्या हिरव्या. उरलेल्यात सगळ्यांनीच हत्यारांचे दांडे बुडवले, गवतात पडलं तर दिसावं म्हणून. माझी कुदळ हिरवी आहे. इल्कोचं तर कुत्र्याचं घरसुद्धा.

मी म्हटलं, "साहेब, ती मिटून खिडकीकडं धरा." त्यांनी धरली. उजेड दिसला नाही. मी म्हटलं, "मेतोदीची मी एप्रिलात मागून नेली होती, खुराड्याच्या जाळीला. तिच्यातून पलीकडचं चर्च दिसतं. त्याची बायको पेन्का त्या पकडीनं अक्रोड फोडते."

मेतोदी म्हणाला, "माझ्या घरात पकडीनं कोणी अक्रोड फोडत नाही."

"तू घरात असताना नाही फोडत," मी म्हटलं.

साहेबांनी पेन्काला फोन लावला. वीस मिनिटांत ती घरातल्या चपलांवरच आली, हातात हिरव्या दांड्यांची पक्कड. अक्रोडाच्या टोपलीत तळाशी होती. साहेबांनी तीही खिडकीकडं धरली आणि मेतोदीला बघायला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. दात्यांत अक्रोडाची टरफलं होती.

मग तो इल्कोसमोर जाऊन उभा राहिला. "इल्को, मी गाढव आहे."

इल्को म्हणाला, "असली पक्कड मी चोरीन असं वाटलंच कसं तुला? फुकट दिली असतीस तरी ताडपत्रीवर ठेवली नसती."

पेन्का हसायला लागली, मग साहेब, मग मेतोदी. इल्कोनं पाणी मागितलं. सकाळपासून त्यानं घेतलं नव्हतं. दोन ग्लास प्यायला. मेतोदीनं तक्रार मागं घेतल्याचं वेगळं लिहून दिलं आहे. माझी पक्कड मला परत मिळाली, ती मी तपासून घेतली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. साहेबांनी हे सगळं मोठ्यानं वाचलं, माझा चष्मा घरी आहे म्हणून. संधिवाताचं वाक्य ते खोडणार होते, ते मी खोडू दिलं नाही. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते. इल्को आणि मेतोदी दोघं मिळून मांडवाची तार ओढायला येत्या शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी नऊला येतो म्हणालेत.