केसांखाली गेलेलं नाव

संपादकांनी मुखपृष्ठाला घोडचूक म्हटलं आणि संगीत मासिकाच्या मांडणीकाराने राजीनामा दिला. छे, राजीनामा अजून गेलाच नव्हता. तो दातांच्या दवाखान्यात बसून मासिकाच्या मालकांना तो टाइप करत होता. शेजारी दोघी बहिणी तोच अंक घेऊन बसल्या होत्या.

“ताई, मासिकाचं नाव गायिकेच्या केसांखाली गेलंय.”

“मुद्दाम गं. ती नावापेक्षा मोठी आहे.”

“आणि ही पोपटी अक्षरं?”

“बाकीची मासिकं समजावत बसतात. हे आपल्यासारखं दार आपटून येतं.”

“आईला वाटेल, छपाई बिघडलीय.”

“आईला आवडलं असतं, तर मी हात तरी लावला असता का?”

मांडणीकाराने राजीनामा पुसून नव्याने लिहिलं: ‘महोदय, संपादकपदी सदर थोरल्या मुलीची त्वरित नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती. दाढ काढून झाल्यावर ती रुजू होईल.’