बायकांच्या रांगेतली चंदा

चंदाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. आमचे हे गेल्यापासून बीपीच्या गोळ्यांसाठी मी जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात जाते. एकदा आमच्या गावची चंदा आली, तृतीयपंथी. बिबट्याने दंडावर पंजा मारलेला, साडी रक्ताने भिजलेली. शिपायाने तिला बायकांच्या रांगेतून काढलं, पुरुषांनी हसून परत पाठवलं.

"आधी ठरव, बाई का बाप्या? मग इंजेक्शन," शिपाई म्हणाला.

"भाऊ, बिबट्यानं न्हाई इचारलं. तुमीच लई चौकस!"

रांगेतली एक म्हातारी उठली. "हिला तिकडं धाडतो व्हय? मग आमी बी तिकडंच येतो."

आम्ही सगळ्याजणी खरंच पुरुषांच्या रांगेत घुसलो, चंदाला पुढे घालून. पहिलं इंजेक्शन तिला मिळालं. तेव्हापासून तिथे रांग एकच आहे.