बारापैकी सात

बस ना, रॉइस — किती उत्तरं चुकवायची ते सांगतो, पण आधी गार चहा घे, बर्फ वितळतोय त्यातला. नाही, बायको घरात नाहीये, जनेल चर्चमध्ये गेलीय, म्हणून तर गॅरेजात बोलावलं तुला. तुझ्या ट्रेंटची परीक्षा उद्याच ना, शाळेच्या लायब्ररीत? तीच ती — हेल्मेटं चढवून फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवतात, बारा शब्द दाखवतात, मग आठवून सांग म्हणतात, चौकोन लाल झाला की बटण दाब म्हणतात. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच घेतात, आकडे जुळले की पोरगं मैदानात. आपल्या वेळी कुठे होतं हे? कोच तीन बोटं दाखवायचा, तू दोन सांगितलीस तरी खेळलास.

माझ्या कोल्बीला मीच शिकवलं, तू बसलायस त्याच खुर्चीवर बसवून. म्हटलं, सगळे बरोबर देऊ नकोस — सात दे, पाच विसर, बटण जरा उशिरा दाब, म्हणजे नंतर मार लागला तरी कुणाला कळायचं नाही. वाटलं, टेक्सासभर बाप हेच करत असतील. तो हसला, म्हणाला, बाबा, मला बाराच्या बारा येतात — आणि म्हणून दाखवले की, उलटेसुद्धा. मी म्हटलं, ते इथे म्हण, तिथे नको. गुणी पोरगा, ऐकलं त्यानं.

गेल्या सप्टेंबरात हेल्मेटवर हेल्मेट आदळलं — परीक्षा घेतली, सात. डॉक्टर म्हणाले, जसाच्या तसा आहे. आम्ही गाडीत एकमेकांना टाळी दिली. तीन आठवड्यांनी दुसरा मार — तू माझ्या शेजारीच होतास, तो आपला आपण उठला म्हणून सगळ्यांत आधी टाळ्या तूच वाजवल्यास. तेव्हाही सात. हे सात मुद्दाम आणलेस की तेवढेच आले — नाही, कोल्बीला विचारलंच नाही मी. का नाही विचारलं? बाहेरगावी गेलेले सगळे ज्या सामन्याला परत येतात, तो होता पुढच्या शुक्रवारी. त्यात तो आपला आपण उठला नाही.

काय? हो, बरा आहे. चालतो, जेवतो. उजेड सोसत नाही म्हणून खिडक्यांना पुठ्ठे लावलेत. रोज दुपारी दवाखान्यातून एक बाई येतात, शब्द म्हणून घेतात — पाच येतात, कधी सहा. त्या खूश आहेत रे. त्यांच्याकडे शाळेचा कागद आहे ना, त्यावर सात लिहिलंय — म्हणतात, एकच शब्द उरलाय, तो आला की पोरगा होता तसा झाला. जनेल त्या एका शब्दासाठी प्रार्थना करायला जाते. बारा लिहिलेला कागद कुठेच नाही, तो मी होऊच दिला नाही. परवा कोल्बीला विचारलं, आपण गॅरेजात बसलो होतो, आठवतं का? नाही म्हणाला. आपल्याला पहिल्यापासून सातच यायचे, असं त्यालाही वाटतं.

नाही, त्या बाईंना नाही सांगितलं. जनेललाही नाही. तुला का सांगितलं कुणास ठाऊक — तू किती चुकवायची विचारायला आलास म्हणून असेल. लिहून घ्यायला काढलेलं ते पेन खिशात ठेव. घरी जा, ट्रेंटला समोर बसव, बारा शब्द म्हणायला लाव आणि नीट ऐकून ठेव. ऊठ आता, जनेलची गाडी वळली कोपऱ्यावर. चहा राहू दे. तिनं विचारलं तर गवत कापायचं मशीन मागायला आलो होतो म्हण.