संदर्भासह अभिनंदन

...आणि वर आमचे सर मलाच विचारतात, "भोईर, मेल बघत नाही का?" अहो, बघतो! तुम्हाला सांगतो, विद्यापीठाच्या आमच्या मत्स्यविज्ञान विभागात मेल बघणारा मी एकटाच, बाकीचे नुसते पाठवतात. कुणाला? सर्वांना!

म्हणजे विभागाची एक यादी आहे, त्रेचाळीस जणांची. एकाने शिंकायचं आणि बेचाळीस जणांनी ऐकायचं. "प्रयोगशाळेची चावी कुणाकडे आहे?" सर्वांना! "माझ्याकडे नाही." हेही सर्वांना, चाळीस वेळा! आणि चावी कुठे? कुलपालाच लटकलेली...

मी तिथला प्रयोगशाळा सहायक. बावीस वर्षं. यंदा कुठे अधीक्षकपदाची जागा निघाली होती, मुलाखत मुंबईला मुख्य कार्यालयात, आणि तारखेचं पत्र येणार होतं मेलवर. सदरा इस्त्री करून ठेवला, रेवसच्या बोटीच्या वेळा विचारून आलो, आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांचा, विनेश म्हात्रेसरांचा, माणगावला सत्कार झाला! शाल, नारळ, फोटो. आणि फोटो केवढा? उघडला की पडद्यावर मावेना, नुसती मिशीच दिसायची. पाठवला कुणाला? सर्वांना!

आता 'अभिनंदन' लिहून गप्प बसावं की नाही? छे! उत्तर द्यायचं तर सोबत संदर्भ जोडायचा, ही आमच्या कचेरीची जुनी शिस्त, फायलींच्या काळापासूनची. तेव्हा नेत्रामॅडमनी लिहिलं, "अभिनंदन सर! संदर्भ : सोबतचा फोटो." झालं, सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. आणि सर? प्रत्येकाला वेगळे आभार! "संदर्भ : आपले अभिनंदन व फोटो", दोन्ही जोडून... कुणाला, ते सांगायला हवं?

मी मुंबईच्या पत्राची वाट बघतोय आणि खातं उघडलं की मिशी, मिशी, मिशी! मग एक दिवस मिशाही थांबल्या. म्हटलं, सुटलो. तर संगणक बघणारा केतन म्हणतो, "काका, सुटलाव न्हाय, खातं भरलंय तुमचं. आता काय येनार न्हाय नि जानार न्हाय. पुसून टाका." पुसायला बसलो तर सर धावत आले, "अहो भोईर, कार्यालयीन अभिलेख आहे तो! परवानगी घ्या आधी."

"द्या ना सर."

"अशी तोंडी कशी? मेल करा."

भरलेल्या खात्यावरून!!

शेवटी मुंबईला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "भोईर का? मुलाखत काल झाली. तीनदा पत्र पाठवलं, तीनदा परत आलं. तुमची गैरहजेरी लागली." पुन्हा कधी? "पुन्हा जागा निघेल तेव्हा." म्हणजे मी निवृत्त झाल्यावर! बावीस वर्षं घासली हो मी तिथे, आणि मला पाडलं कुणी? एका मिशीनं!

आता मी शांत माणूस, पण रोजचं सगळं वहीत लिहायची सवय. कुठला मेल, कुणाचा, किती वाजता, किती जोडण्या... वही नेऊन आपटली सरांच्या टेबलावर. म्हटलं, आता तरी लाज वाटेल. सरांनी पान न् पान वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले. "भोईर, इतका टापटिपीचा माणूस विभागात आहे आणि आम्हाला पत्ता नाही!" आणि तिथल्या तिथे आदेश काढला, यादीचा अतिरिक्त कार्यभार भोईर यांच्याकडे.

तर अशी झाली माझी बढती. पगार तोच, खुर्ची तीच. फक्त यापुढे कुणाचंही खातं भरलं, की जबाबदार मी.