सातवीच्या वर्गातलं कोर्ट

कोर्टाची पायरी मी जन्मात चढले नाही, पण शिक्षा मात्र सुनावलीय, तीही माझ्या बापाला! हसू नका, ऐका.

बावड्याच्या शाळेत मी सातवीला होते. कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गुरुजींनी वर्गात एक खोटा खटला उभा केला. दुसऱ्याच्या पाळीत पाटाचं पाणी आपल्या उसाला वळवलं, असा आरोप. आरोपी झाला वर्गातला दगडू, आणि न्यायाधीश मी. अर्धं गाव बघायला आलेलं.

वकील झालेल्या पोरानं दगडूला असं फैलावर घेतलं, की तो खरंच रडायला लागला. तेवढ्यात मागून आमचे तात्या उठले.

"पोराला सोडा. गणपतरावांच्या पाळीत पाणी मी वळवलं व्हतं."

अहो, खटला गुरुजींनी मनानं रचलेला! ते माझ्या कानात पुटपुटले, "अगं, हे नाटक आहे म्हणून सांग त्यांना."

मी म्हणाले, "तात्या, आधी पुढं येऊन शपथ घ्या."

त्यांनी घेतली. मी निकाल दिला, की तात्यांनी आपली पुढची पाळी गणपतरावांना द्यावी.

पाळीच्या दिवशी तात्या पाटाकडं फिरकलेच नाहीत. शेवटी गणपतराव स्वतः घरी आले. "तात्या, पोरांचा खेळ त्यो. तुमचं पाणी तुमी घ्या की."

तात्या म्हणाले, "खटला खोटा आसंल, गणपतराव. पर निकाल माझ्या लेकीनं दिलाय."