लाल दिवा असताना बंद केलेला पंखा

या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमचे मोठे सर डॉ. उत्तमसिंग साहेब, स्टेजवर बसलेले पाहुणे, साऱ्या मॅडम, अन् मागं समोशाची वाट पाहून राह्यलेल्या आमच्या सफाईच्या बाया, साऱ्यांले या रुपीबाईचा नमस्कार.

मी तिसरी शिकलेली, दोन नातींची आजी. आतापर्यंत जे बोलले त्यांनी, आज ज्यांचा निरोप आहे त्या अर्पिता मॅडमचा स्वभाव गोड सांगितला. गोड कायचा? मास्क घसरला की मले म्हणे, "मावशी, नाक काय प्रदर्शनात ठेवलंय?"

पाहुण्यांले ठाऊक नसंल, आमच्या लॅबमंदी जिवंत पेशी निवडायचं मशीन आहे. क्षयाच्या पेशंटच्या पेशी त्यातून बारीक धारेनं पडतात. मॅडमनं मले समजावलं होतं. मशीनचं तोंड बुजलं की धार वाकडी होते, अन् आत डोळ्याले न दिसणारं, क्षयाचे जंतू असलेलं धुकं होते. मग मशीन थांबवायचं, त्याचं दार लावलेलंच ठेवायचं, धुकं ओढणारा पंखा दहा मिनिटं चालू द्यायचा. अन् खोलीवर लाल दिवा असला की मावशीनं आत यायचं नाही. मी मुंडी हलवली होती.

दोन महिन्यांपूर्वी तोंड बुजलं. मॅडमनं सारं रीतीनं केलं अन् सरांले फोन लावाले बाहेर गेल्या. माही फरशी राह्यली होती. लाल दिवा दिसला, तरी मी आत गेली. खोलीत माणूस नाही अन् पंखा घूं घूं करून राह्यला. रिकाम्या खोलीतले पंखे बंद करते म्हणून सरांनी मागच्या वर्षी याच हॉलमंदी मले साडी दिलती. हात आपसूक बटनावर गेला. फरशी पुसली, निघून आली.

दहा मिनिटं मोजून मॅडमनं मशीनचं दार उघडलं. मग ध्यानात आलं, पंखा मुका आहे.

"मावशी, तुम्ही आत गेल्या होत्या का?"

"मी कायले जाऊ माय? लाल दिवा होता न!"

चौकशीत तिनं लिहून दिलं, "पंखा सुरू करायला मीच विसरले असेन." एवढी ध्यानाची बाई, माह्या खोट्यापायी स्वतःवरच शंका घेऊन बसली. निष्काळजी म्हणून शेरा पडला, बदली पांढरकवड्याले. तिथं असं मशीनच नाही. याले आपण निरोप म्हणून राह्यलो! मॅडमच्या तोंडाले मास्क होता, त्यांची क्षयाची पहिली तपासणी साफ निघाली. दुसरी पुढच्या आठवड्यात आहे. मले कोणी तपासलं नाही. मी आत गेलीच नव्हती न!

सर, थांबा. माईक मागू नका. हार घालायची कायची घाई?

हा कागद नातीकडून लिहून आणला. मॅडमचा शेरा खोडा, बदली थांबवा. माहं काम काढायचं तर काढा. पण "अडाणी बाई, तिले काय समजते" असं लिहून मले सोडवू नका. मले समजत होतं.

एवढं ऐकून घेतलं, उपकार झाले. बोलताना कोणाचा मान खालीवर झाला असंल तर पोटात घाला. खोटं बोलली, ते घालू नका. सही तुमच्यासमोर करते सर, पेन द्या.